क्लार्क आडनावाची कूळकथा

वाचकहो, गेल्या महिन्यात आमच्या घरी एक गंमत झाली. आमची धाकटी कन्या आठवीत आहे. शाळेतल्या प्रश्नमंजूषेची तयारी करता करता तिने आम्हालाच प्रश्न टाकला, "पप्पा, एकदिवसीय क्रिकेटमध्ये पहिले द्विशतक कोणी काढले?" आम्ही पेपर खाली न ठेवताच छातीठोकपणे सांगितले, "सचिन तेंडुलकर. ग्वाल्हेर, २०१०."

"साफ चूक!" ती ओरडली. "बेलिंडा क्लार्क. ऑस्ट्रेलियाची कप्तान. १६ डिसेंबर १९९७, डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९. आणि मैदान कुठले? आपल्या मुंबईतले, वांद्र्याचे एमआयजी!"

आम्ही गप्प. पुरुषांच्या द्विशतकाआधी बारा वर्षे एका बाईने आमच्याच शहरात हा पराक्रम केला होता आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. एवढ्यावर न थांबता कन्येने दुसरा चेंडू टाकला. "पप्पा, तुम्ही क्लार्क आणि तीही क्लार्क. मग ती आपली कोण लागते?"

स्वयंपाकघरातून तिच्या आईचे हसणे ऐकू आले. आम्हीही हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर प्रश्न डोक्यातून जाईना. आम्ही बावीस वर्षे क्लार्कची नोकरी करतो. हा आपल्या हुद्द्याचा शब्द इंग्रजांच्या घरात आडनाव कसा काय होऊन बसला? मग दोन-तीन रविवार वाचनालयात काढले. तिथे जे मिळाले ते घरात एकट्याने ठेवण्यासारखे नव्हते, म्हणून या वेळचे पान त्यालाच दिले आहे.

मूळ शब्द ग्रीक. 'क्लेरॉस' म्हणजे चिठ्ठी टाकून ठरवलेला वाटा. त्यावरून चर्चच्या सेवेत असलेल्या माणसाला नाव पडले. ते लॅटिनमध्ये 'क्लेरिकुस' झाले आणि तिथून फ्रेंच व इंग्रजीत आले. तेव्हाच्या युरोपात लिहिणेवाचणे जवळजवळ चर्चच्याच हाती होते. त्यामुळे ज्याला अक्षर येते तो क्लार्क, असा अर्थ रूढ झाला. पुढे हिशेब ठेवणारा, खलिते लिहिणारा, दप्तर सांभाळणारा तोही क्लार्क. गंमत अशी, की या शब्दाचे स्पेलिंग 'क्लर्क' असे दिसत असले तरी इंग्लंडमध्ये उच्चार 'क्लार्क' असाच करतात. आपणही तो तसाच उचलला. आडनाव लिहिताना त्यांनी उच्चाराप्रमाणे अक्षरे बदलली. कोणी शेवटी 'ई' लावतो, कोणी लावत नाही. काहींनी जुनेच स्पेलिंग ठेवले. विजेचे आणि चुंबकाचे नाते गणितात बसवणारे स्कॉटलंडचे थोर शास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल त्यांपैकीच.

आता कोणी विचारील, चर्चच्या लोकांना तर लग्नाची बंदी, मग वंश चालला कसा? ती बंदी वरच्या पायरीवरच्या धर्मगुरूंना होती. खालच्या पायरीवरचे सेवक लग्न करू शकत. त्यांच्या मुलाबाळांना लोक 'क्लार्कचा पोर' म्हणू लागले. १३७७ ते १३८१ या काळात इंग्लंडमध्ये तीनदा डोईपट्टी बसली. त्यासाठी माणसांच्या याद्या झाल्या, आणि यादीत दहा जॉन निघाले तर ओळखायचे कसे? मग कोणाला गावावरून, कोणाला बापावरून, कोणाला धंद्यावरून ओळख लागली. लोहार तो स्मिथ, शिंपी तो टेलर, पीठ दळणारा मिलर, भाकरी भाजणारा बेकर, गाडीवाला कार्टर, पिंप बनवणारा कूपर, कातडी कमावणारा टॅनर. पहिल्यांदा ही नावे त्या त्या माणसापुरती होती. हळूहळू ती पोरानातवांना चिकटली, आणि चौदावे शतक संपता संपता बहुतेक घराण्यांत कायमची झाली.

आपल्याकडेही फडणीस, चिटणीस, कारखानीस, कुलकर्णी ही लेखणीचीच आडनावे. आणि 'कारकून' हा शब्द फारसी. कार म्हणजे काम, कुन म्हणजे करणारा. काम करणारा माणूस, एवढाच त्याचा साधा अर्थ! आमच्या कचेरीत साहेब "कारकुंडा" म्हणून ओरडतात तेव्हा आम्ही हा अर्थ मनात म्हणून घेतो.

अक्षर येण्याची किंमत त्या काळच्या इंग्लंडात किती होती, हे वाचून आम्ही चकित झालो. चर्चच्या माणसाला राजाच्या कोर्टात फाशी देता येत नसे. त्याचा न्याय चर्चच्या कोर्टात होई आणि तिथे फाशी नव्हती. पण समोर उभा आरोपी चर्चचा आहे हे ओळखायचे कसे? तर त्याला वाचायला लावायचे! वाचता आले तर तो क्लार्क. बहुतेक वेळा बायबलातल्या एक्कावन्नाव्या स्तोत्राची ओळ समोर धरत. मान वाचवणारी म्हणून लोक तिला मानेची ओळ म्हणत. काही हुशार अडाणी लोकांनी ती ओळ पाठच करून ठेवली होती. १५९८ साली बेन जॉन्सन या नाटककाराच्या हातून द्वंद्वात एक नट मारला गेला. त्यानेही वाचून दाखवले आणि अंगठ्यावर डाग घेऊन सुटला. बायकांना ही सवलत मिळायला सतरावे शतक उजाडावे लागले. १८२७ साली हा कायदा रद्द झाला. शेकडो वर्षे एकाच गुन्ह्यासाठी अक्षरवाला जगत होता आणि निरक्षर फासावर जात होता.

हे वाचून आमच्या मनात आले, की शिक्षणाला जीवनमरणाचा प्रश्न म्हणणारी आपली माणसे काही उगाच बोलत नव्हती.

एक मोठा फरक मात्र नजरेत भरतो. इंग्लंडात धंदा आडनावात थिजून राहिला, पण माणूस त्या धंद्याला जखडून राहिला नाही. १८२५ साली सॉमरसेट परगण्यातल्या स्ट्रीट नावाच्या गावी सायरस क्लार्क या माणसाने मेंढीच्या कातड्याच्या सतरंज्या करायला सुरुवात केली. उरलेल्या तुकड्यांतून त्याचा भाऊ जेम्स सपाता शिवू लागला. त्यातून क्लार्क नावाचा जगप्रसिद्ध बुटांचा कारखाना उभा राहिला. लेखणीवाल्याचे आडनाव लावून कातडे कापतोस, शिवतोस, म्हणून त्यांना कोणी वाळीत टाकले नाही. त्या देशात उच्चनीच नव्हते असे आम्ही म्हणत नाही. लॉर्ड होते, कूळ होते, कारखान्यात राबणारी पोरे होती. पण टॅनरचा मुलगा क्लार्क होऊ शकत होता आणि क्लार्कचा मुलगा चांभारकी करून श्रीमंत होऊ शकत होता. आपल्याकडे ज्याने कातडे सोलले त्याच्या नातवाच्या हातातही विळा तोच राहावा, अशी व्यवस्था होती.

मुंबईशीही या आडनावाचा एक धागा आहे. सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क हे १९०७ ते १९१३ मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. पुढे ते लॉर्ड सिडनहॅम झाले. १९१३ साली मुंबईत व्यापारी शिक्षणाचे जे कॉलेज निघाले, त्याला त्यांचेच नाव दिले. तेच सिडनहॅम कॉलेज. याच कॉलेजात १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या प्राध्यापकाने प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी पिऊ नये, असा आक्षेप तिथल्या काही सहकाऱ्यांनी घेतला होता. कॉलेजच्या पाटीवर विलायती क्लार्कसाहेबाचे नाव चालत होते. पाण्याच्या भांड्याला मात्र बाबासाहेबांचा हात चालत नव्हता. आम्ही रात्रीच्या कॉलेजात बी. कॉम. झालो, पण चर्चगेटला उतरून सिडनहॅमवरून जाताना आजही क्षणभर थांबतो.

क्लार्क आडनावाचा आणखी एक माणूस आम्हा कचेरीवाल्यांना जवळचा वाटावा असा आहे. आर्थर सी. क्लार्क. घरची परिस्थिती कॉलेज परवडण्यासारखी नव्हती, म्हणून १९३६ साली लंडनच्या शिक्षण खात्यात पेन्शनचे हिशेब तपासायला बसला. म्हणजे नावाने क्लार्क आणि कामानेही क्लार्क! १९४५ साली त्याने एका रेडिओविषयक मासिकात लेख लिहून मांडले, की विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीबरोबर फिरेल आणि आकाशात एकाच जागी स्थिर दिसेल. असे तीन उपग्रह असले की साऱ्या जगाला संदेश पोचवता येतील. त्या वेळी एकही उपग्रह आकाशात नव्हता. युद्धानंतर त्याने विद्यापीठात जाऊन पहिल्या वर्गात पदवी मिळवली, १९५६ पासून श्रीलंकेत राहिला आणि २००८ साली तिथेच वारला. घरावरच्या डिश अँटेनाचे तोंड ज्या कक्षेकडे असते, तिला आज क्लार्क कक्षाही म्हणतात.

आता अटलांटिकपलीकडे जाऊ. तिथे या आडनावाचा दुसरा चेहरा दिसतो. १८०४ ते १८०६ या काळात लुईस आणि क्लार्क या दोघा अधिकाऱ्यांनी अमेरिका खंड ओलांडून पॅसिफिक महासागर गाठला. शाळेच्या पुस्तकांत त्यांची मोहीम असते. त्या मोहिमेत विल्यम क्लार्कचा एक गुलाम होता. त्याचे नाव यॉर्क. नुसते यॉर्क, पुढे मागे काही नाही. तो बंदूक घेऊन शिकार करी, नावा ओढी, आजाऱ्यांची सेवा करी. १८०५ च्या नोव्हेंबरात हिवाळी तळ कुठे टाकायचा यावर सगळ्यांचे मत घेतले, तेव्हा त्याचेही मत नोंदले गेले. परत आल्यावर इतरांना दुप्पट पगार आणि जमिनी मिळाल्या. यॉर्कला काहीच मिळाले नाही. त्याने स्वातंत्र्य मागितले, तर क्लार्कसाहेबाने ते कित्येक वर्षे नाकारले.

त्याच काळात इंग्लंडात एक क्लार्कसन होता. क्लार्कसन म्हणजे क्लार्कचा मुलगा. थॉमस क्लार्कसनने १७८५ साली केंब्रिजमध्ये गुलामगिरीवर लॅटिन निबंध लिहून बक्षीस मिळवले. बक्षीस घेऊन लंडनला जाताना तो वाटेत घोड्यावरून उतरून बसला आणि त्याच्या मनाने घेतले, की निबंधात लिहिले ते खरे असेल तर कोणीतरी हे थांबवलेच पाहिजे. मग त्याने बंदरोबंदरी फिरून खलाशांच्या जबान्या घेतल्या, बेड्या आणि अंगठे चिरडण्याची यंत्रे विकत घेऊन लोकांना दाखवली. १८०७ साली इंग्लंडने गुलामांचा व्यापार बंद केला. बक्षीस कपाटात ठेवून तो गप्प बसला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता.

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी संपली. तेव्हा मुक्त झालेल्या अनेकांच्या नावापुढे मालकाचेच आडनाव होते. त्यामुळे आज तिथे गोरे क्लार्क आहेत तसे काळे क्लार्कही आहेत.

त्यांपैकी एक केनेथ क्लार्क. १९१४ साली पनामाच्या कालवा भागात जन्म. आई मिरियम मुलांना घेऊन न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आली, कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करू लागली आणि युनियनची प्रतिनिधी झाली. शाळेत सल्ला मिळाला, की या काळ्या मुलाला धंदेशिक्षणाला घाला. मिरियमबाई शाळेत गेल्या आणि माझा मुलगा पुस्तकी शिक्षणच घेईल असे ठणकावून आल्या. तो मुलगा पुढे कोलंबियातून मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारा पहिला काळा माणूस झाला. त्यानंतरची दुसरी डॉक्टरेट त्याची पत्नी मेमी क्लार्क यांची. या नवराबायकोने १९४० च्या दशकात लहान काळ्या मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. सगळ्या सारख्या, फरक फक्त रंगाचा. चांगली कोणती, वाईट कोणती, असे विचारले. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हटली. शेवटी विचारले, "यातली तुझ्यासारखी कोणती?" तेव्हा काही मुले रडली, काही खोलीतून पळून गेली.

हा प्रसंग आम्ही सौभाग्यवतीला वाचून दाखवला, तेव्हा तिने हातातली चाळणी बाजूला ठेवली. बराच वेळ आम्ही दोघे काही बोललो नाही.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकाल नऊही न्यायाधीशांचा एकमताने, आणि त्याच्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या कामाचा दाखला. त्या नऊ न्यायाधीशांत एक टेक्ससचे गोरे क्लार्क होते, न्यायमूर्ती टॉम क्लार्क.

आणि आता जिच्यासाठी आम्ही हे पान लिहिले ती सेप्टिमा क्लार्क. १८९८ साली चार्ल्स्टन शहरात जन्म. वडील जन्माने गुलाम. मालकाचे नाव पॉइन्सेट. नाताळात कुंड्यांतून दिसणाऱ्या लाल पानांच्या पॉइन्सेटिया झाडाला ज्याचे नाव आहे, तोच हा मालक. म्हणून हिचे माहेरचे आडनाव पॉइन्सेट. खलाशी नवऱ्यामुळे ती क्लार्क झाली, पण लग्नानंतर पाच वर्षांतच तो वारला. चार्ल्स्टनच्या सरकारी शाळा काळ्या शिक्षकांना घेत नसत, म्हणून तिने १९१६ पासून जवळच्या बेटावर शिकवले. सह्या गोळा करून ती बंदी उठवायला भाग पाडणाऱ्यांतही ती होती. १९५६ साली काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे सदस्यत्व सोडायला तिने नकार दिला. चाळीस वर्षांची नोकरी गेली, पेन्शन गेले.

दक्षिणेकडच्या राज्यांत तेव्हा मतदारयादीत नाव घालायला वाचनाची परीक्षा होती. काळ्या माणसाला त्याच परीक्षेत अडवत. इंग्लंडात वाचता येणाऱ्याची मान सुटत होती, इथे वाचता न येणाऱ्याचे मत कापले जात होते. परीक्षा तीच, वाचून दाखव. सेप्टिमाबाईंनी १९५७ साली जॉन्स बेटावर दुकानामागच्या खोलीत रात्रीचा वर्ग काढला. शिकवायला बर्नीस रॉबिन्सन ही केस विंचरण्याचा धंदा करणारी बाई. सरकारी शिक्षिका शेतमजुरांना घाबरवील, ही घाबरवणार नाही, असा विचार. वर्गात पहिली गोष्ट शिकवली ती स्वतःचे नाव लिहायची. जन्मभर फुली मारणारी म्हातारी माणसे पेन्सिल इतकी दाबून धरीत की ती मोडे. मग मनिऑर्डरचा फॉर्म, चेक आणि शेवटी राज्यघटनेतली कलमे. असे शेकडो वर्ग दक्षिणेत उभे राहिले.

त्याच वेळी अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावी आणखी एक क्लार्क होता. शेरिफ जिम क्लार्क, म्हणजे निवडून आलेला पोलीस प्रमुख. मतदारयादीत नाव घालायला आलेल्या काळ्यांना तो कोर्टाच्या पायरीवरून ढकलून देई. कोटावर बिल्ला लावी, त्यावर लिहिलेले 'कधीच नाही'. त्याच्या जिल्ह्यात मतदार झालेले काळे शंभरात जेमतेम दोन. ७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या पुलावर सुमारे सहाशे निःशस्त्र लोकांवर लाठ्या आणि अश्रुधूर चालवला गेला, त्यात याचे घोडेस्वारही होते. ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला आणि वाचनाच्या परीक्षा बंद पडल्या. तो कायदा तयार करण्यात न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांचा मुलगा रॅम्से क्लार्क याचा हात होता. १९६६ च्या निवडणुकीत नव्या काळ्या मतदारांनी जिम क्लार्कला घरी पाठवले. त्याला हरवणाऱ्याचे आडनाव काय असावे? बेकर!

सेप्टिमाबाई १९७५ साली, ज्या चार्ल्स्टनने त्यांना काढले होते, तिथल्याच शाळा मंडळावर निवडून आल्या. पुढच्या वर्षी पेन्शन सुरू झाले. १९८७ साली त्या वारल्या.

वाचकहो, हे सगळे सांगण्याला एक घरगुती कारणही आहे. आमच्या शेजारचा मुलगा इंजिनिअर आहे. नोकरी चांगली. पण भाड्याने खोली बघायला गेला की आडनाव विचारतात, मग गाव विचारतात, मग 'कळवतो' म्हणतात. त्याने आडनाव बदलायचे ठरवले आहे आणि गॅझेटचा फॉर्म भरून द्या म्हणून तो आमच्याकडे आला. आम्ही क्लार्क ना, फॉर्म आमच्याकडेच येणार. त्याचे वडील खाली मान घालून बसले होते. आम्हालाही नोकरीचा पहिला दिवस आठवला. हेडक्लार्कने आडनाव विचारले, त्यावरून समजेना म्हणून तालुका विचारला, त्यावरूनही समजेना म्हणून आळी विचारली. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा डबा दुसऱ्या टेबलावर गेला.

त्या मुलाला आम्ही अडवले नाही. ज्याला खोली मिळत नाही त्याला उपदेश करणारे आम्ही कोण? फॉर्म भरून दिला. फक्त एवढे सांगितले, की सही करण्याआधी सेप्टिमा क्लार्क आणि जिम क्लार्क या दोघांची गोष्ट ऐकून जा. दोघांच्या आडनावाची अक्षरे सारखीच होती. बाईंना माहेरचे नाव गुलामाच्या मालकाकडून आले, सासरचे अकाली गेलेल्या नवऱ्याकडून. स्वतः निवडलेले त्यात एक अक्षर नव्हते. तरी आज ते आडनाव घेतले की आम्हाला दुकानामागची ती खोली आठवते. तो फॉर्म घेऊन गेला. अजून जमा केलेला नाही, फाडलेलाही नाही.

आमची विनंती एवढीच, की या रविवारी जेवणे झाल्यावर मुलांना जवळ बसवा आणि आपले आडनाव कुठून आले, ते पहिल्यांदा कागदावर कोणी लिहिले, आजोबा सही करत होते की अंगठा उठवत होते, हे सांगा. आठवत नसेल तर गावाकडच्या म्हाताऱ्यांना फोन करून विचारा. आमच्या कन्येला आम्ही उत्तर दिले, की बेलिंडा क्लार्क आपली नातेवाईक नाही, पण सेप्टिमाबाई लागते. ती म्हणाली, "कोण?" आम्ही म्हणालो, "बस, सांगतो."